प्लेटलेट पुन्हा कमी आल्या? मशीनला हात लावण्याआधी नळी बघा

पावसाने जरा उघडीप दिली की आमच्या राजारामपुरीतल्या लॅबचा फोन खाली ठेवायला मिळत नाही. प्रश्न एकच असतो, "पेशी किती आल्या?" कोल्हापुरात ऑगस्ट ते ऑक्टोबर या डेंग्यूच्या दिवसांत 'पेशी' म्हटलं की प्लेटलेटच. लाल पेशी, पांढऱ्या पेशी कुणी विचारत नाही. घरात पपईच्या पानांचा रस काढलेला असतो, मंडईतून किवी आणलेली असतात, आणि रिपोर्टवरचा एक आकडा बघून माणसं रात्री गाडी भाड्याने करून चंदगडहून कोल्हापूर गाठतात. त्यामुळे हा आकडा चुकला तर ती चूक लॅबच्या चार भिंतींत राहत नाही.

ज्या तक्रारीवर हे लिहितोय ती दर मोसमात परत येते: प्लेटलेट कमी येतात, पुन्हा ताजं रक्त घेतलं की नॉर्मल येतात, आणि सगळे म्हणतात पेशी मोजणारं मशीन बिघडलं. एकोणीस वर्षं मी हे काम करतोय. माझ्या अनुभवात दहापैकी आठ वेळा मशीन निर्दोष असतं.

एका मोसमात आमच्याकडे दक्षिणेकडच्या एका कलेक्शन सेंटरची सॅम्पलं दुपारच्या गाडीने येत होती. तीन-चार दिवस सलग त्यातल्या काहींच्या प्लेटलेट ७०-८० हजारच यायच्या. डॉक्टरांचा फोन यायचा की पेशंट चांगला हिंडतोय-फिरतोय, ताप नाही, अंगावर पुरळ नाही, मग हे कसं? परत रक्त घेतलं की दोन लाख. इंजिनिअरला बोलवायचं ठरत होतं. मी त्या दिवसाचे कंट्रोल, म्हणजे आकडे आधीच माहीत असलेली तपासणीची सॅम्पलं, काढून बघितले, तिन्ही पातळ्या जागेवर. त्याच तासात लॅबमध्ये समोर बसून काढलेली सॅम्पलंही व्यवस्थित. मशीन बिघडलं असतं तर त्याने गावं बघून निवड केली नसती. बिघाड सॅम्पलसोबत गाडीतून येत होता.

मग लाकडी काडी घेऊन एकेक नळी ढवळली. दोन नळ्यांत काडीला दोऱ्यासारखी गुठळी चिकटून वर आली, मोहरीएवढी. बाकीच्यांत डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण काचेवर थेंब पसरून स्लाइड केली तर शेपटीकडे, म्हणजे पातळ टोकाला, प्लेटलेटचे पुंजके. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्या सेंटरवर जाऊन बसलो.

रक्त काढणारा मुलगा हाताने चांगला होता, एका टोचण्यात शीर मिळायची. सिरिंजमध्ये पाच मिली ओढायचा, आधी प्लेन (औषध न घातलेली) नळी भरायचा, मग शुगरची, शेवटी जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची. मग सुई टाकायची, पेशंटला कापूस दाबायला सांगायचं, तिन्ही नळ्यांवर सावकाश नाव, वय, वेळ लिहायची, आणि मग जांभळी नळी एकदा हलवून स्टँडला लावायची. मी घड्याळ लावलं. शिरेत सुई गेल्यापासून ईडीटीए नीट मिसळेपर्यंत दोन मिनिटांहून जास्त. तोवर सिरिंजमध्येच रक्त गोठायची तयारी सुरू झालेली असते. ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, पण एकदा प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की ते त्यांना सोडवू शकत नाही.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण हे ऐकून काही जण लगेच जांभळी नळी सगळ्यांत आधी भरायला लागतात. तसं करू नका. तिच्या तोंडाला सिरिंजचं टोक लागलं आणि तेच पुढे प्लेन नळीत गेलं, तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. ईडीटीए पोटॅशियमचंच क्षार असतं. प्लेन आधी, जांभळी लगेच नंतर, शुगरची शेवटी, हा क्रम बरोबर आहे. फक्त भरणं झटपट हवं, आणि जांभळी भरली की नाव लिहिण्याआधी आठ ते दहा वेळा हलकेच उलटसुलट करायची. हलकेच म्हणजे मनगट फिरवून. लिमलेटच्या बाटलीसारखी झटकायची नाही. मग पेशंट समोर असतानाच नाव. व्हॅक्युम नळ्या परवडत असतील तर त्या घ्या, सिरिंजचा वेळच वाचतो.

खुणेच्या रेषेपर्यंत भरणं हाही तितकाच मुद्दा. जास्त भरलं तर मिसळायला जागा राहत नाही आणि गुठळी होते. दोन मिलीच्या नळीत अर्धा मिली भरलं तर ईडीटीए प्रमाणाबाहेर होतं, लाल पेशी आकसतात आणि हाताने काढलेला पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) कमी येतो. आणि नळ्या थेट बर्फाला टेकवून पाठवू नका. सीबीसीच्या, म्हणजे सगळ्या पेशींच्या मोजणीच्या, सॅम्पलला बर्फ लागत नाही. सावलीत, खोलीच्या तापमानाला ठेवलेलं सॅम्पल त्याच दिवशी काही तासांत लागलं तर पुरे.

एवढ्या दोन सवयी बदलल्यावर त्या सेंटरची तक्रार थांबली. इंजिनिअरला बोलवावं लागलं नाही.

पण सगळीच प्रकरणं इतकी सरळ नसतात, आणि त्यासाठी मशीन नक्की काय करतं हे डोक्यात पक्कं हवं. वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये ज्या तत्त्वाचं पेटंट मिळालं, त्यावरच आपल्या भागातल्या बहुतेक लॅबमधली थ्री-पार्ट (पांढऱ्या पेशी तीन गटांत मोजणारी) मशीन चालतात. मिठाच्या पाण्यात पातळ केलेलं रक्त एका बारीक छिद्रातून जातं, छिद्राच्या दोन्ही बाजूंना वीज असते, पेशी आत शिरली की विजेला अडथळा होतो आणि एक झटका नोंदला जातो. झटका जेवढा उंच तेवढी पेशी मोठी. याचा अर्थ मशीन पेशी ओळखत नाही, फक्त आकार मोजतं. साधारण २ ते २० फेम्टोलिटर (पेशीचा आकार मोजायचं अतिसूक्ष्म माप) आकाराचं जे काही असेल ते त्याच्या लेखी प्लेटलेट, त्याहून मोठं ते लाल पेशी. लाइज नावाचा द्रव टाकून लाल पेशी फोडल्यावर दुसऱ्या कप्प्यात जे उरेल ते पांढरी पेशी. पुढचे सगळे घोटाळे या एका गोष्टीतून निघतात.

वीस प्लेटलेटचा पुंजका छिद्रातून गेला तर वीस प्लेटलेट हिशेबातून गेल्या. वर तो पुंजका लाइजने फुटत नाही, म्हणून पांढऱ्या पेशींच्या कप्प्यात एक लिम्फोसाइट, म्हणजे लहान पांढरी पेशी, म्हणून मोजला जातो. त्यामुळे प्लेटलेट कमी आणि डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींची संख्या) थोडा वर, अशी जोडी दिसली की आधी आलेख, म्हणजे मशीन छापतं तो पेशींच्या आकारांचा हिस्टोग्राम, बघा. डब्ल्यूबीसीच्या हिस्टोग्रामची रेघ डाव्या टोकाला तळापासून सुरू व्हायला हवी. ती हवेतच सुरू झाली असेल तर तिथे काहीतरी अडकलंय. प्लेटलेटच्या आलेखाची उजवी शेपटी तळाला टेकायला हवी; दातेरी, वर राहिलेली शेपटी पुंजक्यांची, मोठ्या प्लेटलेटची किंवा बारीक लाल पेशींची असते. कितीतरी लॅबमध्ये हे आलेख छापले जातात आणि कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आकड्याआधी आलेख बघायची सवय नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात लावायला हवी.

आलेखात शंका आली की स्लाइड. १ लाखाखालची पहिल्यांदा आलेली प्रत्येक प्लेटलेट मोजणी आम्ही स्लाइड बघितल्याशिवाय सोडत नाही, डेंग्यूच्या गर्दीतसुद्धा. लीशमन स्टेन, ६.८ पीएचचा बफर, धुऊन वाळवली की आधी १० च्या लेन्सवर शेपटीकडची कड. पुंजके वजनाने तिकडे ओढले जातात, मध्ये शोधत बसलात तर सापडणार नाहीत. मग तेल टाकून १०० च्या लेन्सवर, जिथे लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात तिथली दहा क्षेत्रं मोजा, सरासरी काढा, १५ हजारांनी गुणा. सरासरी ११ आली तर साधारण १ लाख ६५ हजार. हा अंदाज आहे, पण मशीन ४० हजार म्हणतंय आणि स्लाइड दीड लाखाच्या वर म्हणतेय, तेव्हा कोण चुकतंय ते कळायला एवढं पुरतं. पुंजके असतील तर सरासरीचा आकडा रिपोर्टवर घालू नका, ताजं सॅम्पल मागवा.

आता ताजं सॅम्पल, समोर बसून काढलेलं, नीट मिसळलेलं, तरी पुंजके. हे एका वहिनींच्या बाबतीत झालं. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, प्लेटलेट ३८ हजार. दोन लॅब फिरून आल्या होत्या, दोन्हीकडे कमी, आणि घरी रक्ताच्या कॅन्सरपर्यंत चर्चा गेलेली. त्यांच्या नवऱ्याच्या हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी होती आणि ते एकेक कागद काउंटरवर पसरून दाखवत होते. मी विचारलं, "वहिनी, दात घासताना रक्त येतं का? पाळीत जास्त जातं? मार लागल्याशिवाय काळे-निळे डाग?" काही नाही. रक्त काढल्याबरोबर लावलं तर १ लाख ७२ हजार. तीच नळी अर्ध्या तासाने ९५ हजार. तासाने ४१ हजार. नळी तीच, मशीन तेच, आकडा माझ्या डोळ्यांसमोर घसरत होता.

हा आजार नाही. काही माणसांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात की ईडीटीएने कॅल्शियम काढून घेतल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो, प्रतिपिंडं तिथे बसतात आणि प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात असं काही होत नाही, फक्त नळीत होतं. हजारात एखाद्या माणसात हे सापडतं, म्हणजे गर्दीच्या लॅबमध्ये महिन्याला एक-दोन तरी. याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीभोवती प्लेटलेटची कडी, फुलाच्या पाकळ्यांसारखी. स्लाइडवर एकदा बघितलात की विसरत नाही.

उपाय म्हणजे निळ्या झाकणाची, ३.२ टक्के सोडियम सायट्रेटची नळी. तिच्यात नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेल्या मोजणीला १.१ ने गुणायचं. वहिनींची सायट्रेटमध्ये १ लाख ८८ हजार आली, गुणून २ लाख ६ हजार ८००. हिमोग्लोबिन आणि बाकीचे आकडे मात्र ईडीटीएचेच ठेवायचे. क्वचित सायट्रेटमध्येही चिकटतात. मग बोटातून थेट २० मायक्रोलिटर रक्त ०.३८ मिली १ टक्का अमोनियम ऑक्झलेटमध्ये घालून न्यूबॉर चेंबर या घरं आखलेल्या काचेवर मोजायचं. चेंबर ओल्या कापसासह पेट्री डिशमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, प्लेटलेट तळाला बसतात. मधल्या पंचवीस घरांपैकी पाच मोजून आलेल्या संख्येला १,००० ने गुणायचं. वहिनींच्या रिपोर्टवर आम्ही स्पष्ट लिहिलं की ईडीटीएत प्लेटलेट चिकटतात, पुढे मोजणी सायट्रेटमध्येच करावी, आणि तो कागद प्रत्येक वेळी लॅबला आधी दाखवायला सांगितला. ही ओळ लिहिली नाही तर पुढची लॅब त्यांना पुन्हा घाबरवणार.

खोट्या कमी आकड्याने माणूस घाबरतो, क्वचित अकारण प्लेटलेटची पिशवी लागते. पण खोटा जास्त आकडा मला अधिक धोक्याचा वाटतो, कारण त्यावर कुणी शंकाच घेत नाही. साखर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातल्या बायकांची हिमोग्लोबिन ५-६ आणि एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ५५-५८ आम्ही दर वर्षी बघतो. लोहाअभावी इतक्या लहान झालेल्या लाल पेशी, त्यांचे तुकडे, मशीनच्या प्लेटलेटच्या हद्दीत शिरतात. अशा बाईला डेंग्यू झाला, खऱ्या प्लेटलेट ३५ हजार असल्या, तरी मशीन ९० हजार दाखवू शकतं. एमसीव्ही ६० च्या खाली असेल तर प्लेटलेट कितीही चांगल्या दिसोत, स्लाइडवरून खात्री केल्याशिवाय सही करू नका. भाजलेल्या पेशंटमध्येही लाल पेशींचे तुकडे होतात, तिथेही तेच.

वॉर्डातून आलेल्या सॅम्पलचा एक घोटाळा वेगळा सांगायला हवा. काल हिमोग्लोबिन १३.१, आज ८.४, डब्ल्यूबीसी, प्लेटलेट सगळं त्याच प्रमाणात खाली. मशीन ठीक, नळी ठीक, स्लाइड मोजणीशी जुळते. सलाईन चालू असलेल्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त काढलेलं असतं. त्याच पेशंटची शुगर अचानक ५०० आली असेल तर डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चालू होतं. डेंग्यूत रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं तेव्हा पीसीव्ही चढतो, म्हणून सगळंच एकदम उतरलं तर थांबायचं. पण ते सलाईनच असेल असं लॅबमध्ये बसून ठरवायचं नाही, रक्तस्रावही असू शकतो. वॉर्डात फोन करा, सिस्टरांना विचारा, "ताई, कुठल्या हातातून घेतलं?" आणि दुसऱ्या हातातून नवीन सॅम्पल तातडीने मागवा. कालचा आकडा आजच्या शेजारी दिसेल अशी सोय नसेल तर हे पकडताच येत नाही.

हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही जुळत नाहीत ही तक्रार वर्षभर असते. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे जवळपास पीसीव्ही, दोन-तीन इकडेतिकडे. पेशी नॉर्मल आकाराच्या असतील तरच हा ठोकताळा लावा. एमसीएचसी, म्हणजे लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, ३७ च्या वर गेला की मी रिपोर्ट अडवतो, कारण लाल पेशीत त्याहून फार जास्त हिमोग्लोबिन मावतच नाही.

डिसेंबरातल्या एका थंड सकाळी एका मामांचं सॅम्पल असं आलं: लाल पेशी १६.२ लाख, हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही ११२, एमसीएचसी ५३. नळी तिरपी केली तर काचेवर रक्त रवाळ दिसत होतं, वाळू ओघळल्यासारखं. थंडीत चिकटवणारी प्रतिपिंडं. दोन-तीन लाल पेशी चिकटून एकत्र गेल्या की मशीन त्यांना एक मोठी पेशी समजतं, म्हणून संख्या कमी आणि आकार मोठा. हिमोग्लोबिन पेशी फोडून मोजलं जातं, म्हणून ते तेवढं खरं. नळी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवली, मिसळली आणि गार व्हायच्या आत लावली. लाल पेशी ३२ लाख, एमसीव्ही ८९, एमसीएचसी ३३.७. हिमोग्लोबिन तेच ९.६. डॉक्टरांना फोन करून हे कळवलं, कारण न्यूमोनियाचा एक प्रकार किंवा लिम्फोमा यामागे असू शकतो.

एमसीव्ही नॉर्मल, पण एमसीएचसी ४२, असं असेल तर नळी तासभर उभी ठेवून वरचा प्लाझ्मा बघा. दुधासारखा असेल तर चरबीच्या गढूळपणाने हिमोग्लोबिन फुगलंय. साध्या जेवणाने सहसा एवढं होत नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्यांत होतं. प्लाझ्मा वेगळा काढून त्याचं हिमोग्लोबिन मशीनवर बघा. एका पेशंटचं १७.८ आलं होतं, पीसीव्ही ४२, प्लाझ्माचं ५.९. प्लाझ्माचा वाटा ०.५८, म्हणजे ३.४ वजा, खरं १४.४. नवजात बाळांत किंवा थॅलेसेमियात केंद्रक असलेल्या लाल पेशी डब्ल्यूबीसीत मिसळतात. स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशींमागे त्या ५० दिसल्या तर मशीनचे १८,००० म्हणजे खरे १२,०००.

एवढं सगळं तपासूनही आकडे नाचत असतील तर मशीनकडे वळा. एकच ताजं सॅम्पल लागोपाठ पाच वेळा लावा. प्लेटलेट २.१०, २.१६, २.०५ लाख असं हललं तर चालतं, २.१, १.४, १.८ असं हललं तर चालत नाही. मग बॅकग्राउंड, म्हणजे रक्ताशिवायची मोजणी. नुसतं डायल्युएंट (रक्त पातळ करायचा द्रव) फिरवल्यावर प्लेटलेट १० हजारांच्या वर मोजल्या जात असतील तर द्रव खराब आहे, नळीत हवेचे बुडबुडे आहेत किंवा विजेत खडखड आहे. शेवटचं आपल्याकडे फार होतं: अर्थिंग कच्चं असलं की विजेचा गोंगाटच प्लेटलेट म्हणून मोजला जातो. आमच्याकडे शेजारी वेल्डिंगचं काम चालू असताना बॅकग्राउंड चढायचं. अर्थिंग नव्याने करून घेतल्यावर आणि ऑनलाइन यूपीएस लावल्यावर गेलं. डायल्युएंटच्या जुन्या कॅनमध्ये उरलेलं नवीनमध्ये ओतू नका. मोजणीला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल, लाल पेशी आणि प्लेटलेट दोन्ही उतरत असतील, तर छिद्रात प्रोटीनचा थर आहे. पुस्तिकेप्रमाणे प्रोब क्लीनरने भिजवा.

कंट्रोल फ्रिजमधून काढला की पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, तळहातांमध्ये हळू फिरवून मिसळा, जोरात हलवू नका. एकदा मर्यादेबाहेर आला म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लावून बसेल तो आकडा वहीत लिहायचा, हे कृपा करून बंद करा. कंट्रोलच्या आलेखावर टिंबं रोज मांडा. सलग दहा टिंबं सरासरीच्या एकाच बाजूला पडली, तर एकही टिंब मर्यादेबाहेर नसलं तरी मशीन सरकलंय. अशा वेळी कॅलिब्रेशन (मशीनच्या मोजणीची जुळणी) स्वतः फिरवू नका. आधी कंट्रोलचा लॉट बदललाय का, तो उघडून किती दिवस झाले, हे बघा.

इंजिनिअरला फोन करायचाच झाला तर चार गोष्टी हाताशी ठेवा: एररचा क्रमांक, बॅकग्राउंडचे आकडे, पाच वेळा लावलेल्या सॅम्पलची छापील पट्टी आणि गेल्या आठवड्याचा कंट्रोलचा आलेख. तो येईपर्यंत न्यूबॉर चेंबर आणि अमोनियम ऑक्झलेट बाहेर काढून ठेवा, आणि डेंग्यूच्या पेशंटच्या प्लेटलेट हाताने मोजून द्या.